दुर्बिणीत आतडं स्वच्छ, तरी जुलाब थांबत नाहीत: कोलेजनस कोलायटिसबद्दल

सोलापुरातून एका मुलाने आपल्या आईबद्दल विचारलं आहे. आई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. आठ महिन्यांपासून दिवसातून सात-आठ वेळा अगदी पाण्यासारखं होतं, रात्रीही दोनदा उठावं लागतं. रक्त पडत नाही, ताप नाही, पण वजन चार किलोंनी उतरलं. आधी अमीबा म्हणून गोळ्यांचे कोर्स झाले, मग आयबीएस (तपासणीत काही न सापडता पोट बिघडत राहण्याचा त्रास) आहे, टेन्शन घेऊ नका, असं सांगितलं गेलं. पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, नॉर्मल आली. दुसऱ्यांदा केली तेव्हा आतड्याचे तुकडे तपासायला पाठवले आणि रिपोर्टवर ‘कोलेजनस कोलायटिस’ लिहून आलं. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आणि तिच्यासोबत अ‍ॅसिडिटीची गोळी, ही जोडी दीडेक वर्ष रोज चालू आहे. शिवाय बीपीची गोळी. डॉक्टरांनी बुडेसोनाइड लिहून दिलंय, पण ते स्टेरॉइड आहे हे कळल्यावर घरच्यांनी सुरूच केलं नाही. मुलाचे प्रश्न तीन: हा कॅन्सर आहे का, हे जन्मभर राहणार का, आणि आईला खायला काय द्यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो मनात असेपर्यंत पुढचं काही डोक्यात शिरत नाही. हा कॅन्सर नाही, आणि या आजारामुळे पुढे आतड्याचा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्यात व्रण पडणाऱ्या आजारात वर्षानुवर्षं दुर्बिणीने लक्ष ठेवावं लागतं, तसं इथे लागत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आईंना माझ्या वतीने सांगा. त्यांचा आजार खरा आहे. तो टेन्शनने झालेला नाही, मनाचा खेळ नाही. आठ महिने ज्या बाईला रात्री दोनदा उठून धावावं लागतं आणि वर ‘तुम्ही फार विचार करता’ असं ऐकावं लागतं, तिला हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

आता आजार काय आहे ते. मोठ्या आतड्याच्या या दाहाला मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन, कोलेजनस आणि लिम्फोसायटिक. दोन्हीत आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून गुलाबी, गुळगुळीत, बहुतेक वेळा पूर्ण नॉर्मल दिसतं. बिघाड दिसतो तो तुकडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. लिम्फोसायटिकमध्ये अस्तराच्या दर १०० पेशींमागे २० पेक्षा जास्त लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, शिरलेल्या असतात. कोलेजनसमध्ये अस्तराच्या लगेच खाली कोलेजनचा जो पातळ थर असतो, तो जाड होतो. निरोगी माणसात तो जेमतेम ३ मायक्रॉनपर्यंत, या आजारात १० मायक्रॉनच्या वर. १० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग! एवढ्याशा फरकाने माणसाचं घराबाहेर पडणं बंद होतं. स्वीडनमधल्या माल्म्यो शहरातल्या लिंडस्ट्रोम नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७६ साली या प्रकाराचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने हा अलीकडे ओळखला गेलेला आजार आहे.

जुलाब का होतात? लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर पाणी येतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं शोषलं जाऊन १००-२०० मिलि काय ते मलातून बाहेर पडतं. सोलापूरकराला सांगायचं तर खळ चढवलेलं कोरं कापड जसं पाणी पटकन पीत नाही, तसं या अस्तराचं होतं. मीठ आत ओढलं जात नाही, म्हणून पाणीही मागे राहतं. पण इथे एक खुलासा हवा. रिपोर्टवर थर १५ मायक्रॉन लिहिला की २५, यावरून आजार किती तीव्र आहे हे ठरत नाही. जुलाबांचं प्रमाण थराच्या जाडीपेक्षा अस्तरातल्या सुजेशी जास्त जुळतं. तेव्हा तो आकडा बघून घाबरू नका आणि शेजारच्या कुणाच्या रिपोर्टशी ताडूनही पाहू नका.

पहिल्या तपासणीत हे का सापडलं नाही, याबद्दल तुमच्या मनात राग असेल. तो समजतो. पण यात कोलोनोस्कोपी चुकली असं नसतं; अस्तर खरोखरच नॉर्मल दिसतं. म्हणून माझं ठाम मत आहे: चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसाला महिन्याच्या वर पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर दुर्बिणीतून काहीही न दिसलं तरी तुकडे घेतलेच पाहिजेत. तेही उजव्या आणि डाव्या भागातून वेगवेगळ्या बाटल्यांत. फक्त गुदाशयातून घेतले तर आजार निसटू शकतो. तुकडा तिरका कापला गेला तर निरोगी थरही जाड भासतो, म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट शंका आल्यास ट्रायक्रोम नावाचा खास रंग लावून खात्री करतात. तुमचा रिपोर्ट स्पष्ट आहे, पण मनात शंका राहिली तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. तिसऱ्यांदा कोलोनोस्कोपी करण्याची गरज नाही.

युरोपात मायक्रोस्कोपिक कोलायटिसचे दोन्ही प्रकार मिळून वर्षाला लाखामागे दहाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, बायका जास्त, साठीच्या आगेमागे जास्त. पण चौथा हिस्सा रुग्ण पंचेचाळिशीच्या आतले असतात. आपल्याकडे तो दुर्मीळ समजला जातो, आणि माझ्या मते त्याचं एक मोठं कारण तुकडेच घेतले जात नाहीत हे आहे. दुसरं कारण, आपल्याकडे जुलाबाला इतर इतकी कारणं हाताशी असतात! नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, साठवून ठेवावं लागतं, त्यामुळे पोट बिघडलं की ‘पाणी बाधलं’ हे ठरलेलंच. ते बऱ्याचदा खरंही असतं. पण बाधलेलं पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत निस्तरतं, आठ महिने चालत नाही. अमीबा आणि जिआर्डिया या परजीवींसाठी मलाची तपासणी करावी, सापडलं तर औषध द्यावं. न सापडता मेट्रोनिडाझोल या अमीबावरच्या औषधाचे कोर्सवर कोर्स देणं मला पटत नाही. ते फार दिवस घेतलं तर पायांच्या नसांना इजा होऊ शकते. आईंच्या तळपायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आतड्याचा टीबी आपल्या भागात विसरून चालत नाही. तो साधारणपणे दुर्बिणीत व्रणांच्या रूपात दिसतो आणि सोबत ताप, पोटदुखी असते. आईंच्या बाबतीत तसं काही नाही, तरी स्टेरॉइड सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढलेला बरा.

आयबीएसपासून हा आजार वेगळा कसा ओळखायचा? झोपेतून उठवणारे जुलाब. आयबीएस माणसाला झोपू देतो. रात्री दोन वाजता जुलाबासाठी उठावं लागतं, वजन उतरतं, आणि हे सगळं साठीनंतर पहिल्यांदा सुरू होतं, अशा वेळी आयबीएसचं लेबल लावण्याआधी थांबायला हवं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत हे निदान झालं की पहिला हात ताटाला लागतो: तिखट बंद, भाकरी बंद, शेंगाचटणी बंद. माझा आग्रह आहे की पहिला हात गोळ्यांच्या पिशवीला लावा. हा आजार काही औषधांमुळे सुरू होतो किंवा पेटत राहतो, हे आता पक्कं माहीत आहे. त्यात अग्रभागी आहेत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, लॅन्सोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या. आईंकडे दोन्ही आहेत, दीड वर्षापासून. नैराश्यासाठी दिली जाणारी सर्ट्रालिन आणि मधुमेहातली अकार्बोजही या यादीत येतात. मधुमेहातलंच मेटफॉर्मिन या आजाराशिवायसुद्धा जुलाब करतं. बीपीची गोळी कोणती ते नाव नीट वाचा. ओल्मेसार्टन असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्याने काही लोकांच्या लहान आतड्याचं अस्तर झिजून तीव्र जुलाब होतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएच तपासा, डोस जास्त झाला तरी पोट पळतं. डॉक्टरांना कुणी सांगत नाही अशाही गोष्टी असतात. पोट साफ होण्याचं चूर्ण, ज्यात बऱ्याचदा सोनामुखी असते. मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड. शुगर-फ्री गोळ्या-बिस्किटं. सगळं एका पिशवीत भरा आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा.

मात्र कुठलीही गोळी मनाने तोडू नका. सर्ट्रालिन एकदम बंद केली तर त्रास होतो, आणि हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र वाट बरीच सरळ दिसते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामोल, वरून लावायचं जेल, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. अ‍ॅसिडिटीची गोळी बहुधा वेदनाशामकाच्या जोडीला म्हणून आली होती. ती गेली की हिचंही कारण संपतं. बंद केल्यावर काही दिवस उलट जास्त जळजळ होते, ती ओसरते, तेवढ्यावरून गोळी पुन्हा सुरू करू नका. जुलाबांचं कारण औषधच असेल तर काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो, आणि काहींना एवढंच पुरतं.

घरात विडी-सिगारेट कोण ओढतं? धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो आणि ओढणाऱ्यांना तो दहा-दहा वर्षं आधी गाठतो. सोलापुरात विडीकाम घराघरात आहे, त्यामुळे हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. आई मिश्री लावत असतील तर तोंडाचा कॅन्सर टाळण्यासाठी तरी ती सुटायला हवी.

एक रक्ततपासणी राहिली असेल तर करून घ्या: सिलियाक आजारासाठी टीटीजी. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा तो आजार आणि हा, दोन्ही काही जणांत एकत्र आढळतात. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग खरं काय ते कळायला फार खटपट पडते. टीटीजी पॉझिटिव्ह आली आणि लहान आतड्याच्या तुकड्यांतूनही सिलियाक ठरला, तर आपल्या भागातल्या माणसाला एक दिलासा आहे, ज्वारीत ग्लुटेन नाही. कडक भाकरी, ताजी भाकरी, हुरडा, सगळं चालतं. फक्त ज्या गिरणीच्या जात्यावर आधी गहू दळला त्यावर ज्वारी दळू नका. जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ त्रास द्यायला पुरेसं असतं. टीटीजी निगेटिव्ह असेल तर गहू सोडण्याची गरज नाही.

आता स्टेरॉइड. घरच्यांची भीती चुकीची नाही, प्रेडनिसोलोन महिनोन्महिने घेऊन चेहरा सुजलेली, हाडं ठिसूळ झालेली, साखर चढलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण बुडेसोनाइडचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. कॅप्सूल आतड्यात उघडते, औषध तिथल्या तिथे सूज कमी करतं, आणि जे रक्तात शोषलं जातं त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. बाकी शरीराला फार थोडं पोचतं. या आजारात सगळ्यात चांगले पुरावे याच औषधाचे आहेत. नेहमीचा डोस सकाळी एकदा ९ मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे. दर पाचांतल्या साधारण चौघांना आराम पडतो, अनेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. प्रेडनिसोलोन स्वस्त आहे म्हणून त्यावर उतरू नका, ते इथे कमी गुणकारी आणि जास्त त्रासदायक आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी दिल्या जाणाऱ्या मेसालाझिनचाही या आजारात भरवसा धरू नये.

औषध घेताना तीन गोष्टी. दम्याच्या पंपातही बुडेसोनाइडच असतं, म्हणून केमिस्टकडून आतड्यासाठीची कॅप्सूलच मिळाली ना, हे चिठ्ठीशी ताडून घ्या. ती चावायची नाही. दुसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. घामाने गजकर्ण उठतं आणि त्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात. इट्राकोनॅझोल यकृताचं ते मोडण्याचं काम रोखतं, आणि मग हेच सौम्य औषध अंगात साठून पूर्ण स्टेरॉइडसारखं वागतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांना बुडेसोनाइडबद्दल आधी सांगा. आणि यकृत खराब असेल, सिरॉसिस असेल, तर हे औषध वेगळ्या विचारानेच द्यावं लागतं. मधुमेह असल्यास साखर अधूनमधून बघावी. औषध लांबलं तर हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे हाडांची घनता.

हे जन्मभर राहणार का? औषध बंद केल्यावर निम्म्याहून जास्त लोकांना जुलाब पुन्हा होतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. पुन्हा झाले म्हणजे उपचार फसला असं नाही. पुन्हा तेच औषध, आणि मग जेवढ्या कमी डोसवर पोट शांत राहतं तेवढा डोस काही महिने. अनेकांना ३ किंवा ६ मिलिग्रॅम पुरतं. काहींचा आजार काही वर्षांत आपोआप निवतो. आराम पडला हे ठरवायची एक साधी कसोटी आहे: आठवड्याच्या सरासरीने दिवसाला तीनपेक्षा कमी वेळा जावं लागणं, आणि पाण्यासारखी शौच दिवसाला एकापेक्षा कमी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज दोन आकडे लिहायला सांगा, एकूण किती वेळा आणि त्यात पातळ किती. ‘बरं वाटतंय थोडं’ यापेक्षा ते दोन आकडे मला फार जास्त सांगतात.

बुडेसोनाइडने पुरता फरक पडला नाही तर पित्ताम्लांमुळे (पित्तातल्या आम्लांमुळे) होणाऱ्या जुलाबांचा विचार करावा, विशेषतः पित्ताशय काढलेलं असेल तर. कोलेस्टिरामिनची पूड पित्ताम्ल बांधून ठेवते. पण ती इतर औषधंही बांधते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर. त्यापुढे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी अ‍ॅझाथायोप्रिन आणि बायोलॉजिकल इंजेक्शनं आहेत. तिथवर जाण्याची वेळ थोड्यांवर येते, आणि त्याआधी निदान आणि गोळ्यांची पिशवी, दोन्ही पुन्हा तपासायला हवं.

जेवणाबद्दल. हा आजार बरा करणारा कुठलाही आहार नाही. काही पदार्थ जुलाब वाढवतात: कडक चहा-कॉफी दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पचत नसेल तर दूध, फार तेलकट, फार तिखट. एकेक पदार्थ आठवडाभर बंद करून बघा. फरक नाही पडला तर परत सुरू करा. ताक आणि दही बहुतेकांना चालतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती महिनोन्महिने मऊ भात आणि ताकावर ठेवलेल्या आयांची. जुलाब थांबत नाहीत, आणि वर प्रथिनं कमी पडून हातापायातली ताकद जाते. वरण, मूग, अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, रोजच्या जेवणात असू द्या. शेंगाचटणी चमचाभर भाकरीला लावून खाल्ली आणि आकडे वाढले नाहीत, तर तिच्यावर बंदी घालू नका.

पाणी मात्र गंभीरपणे घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसाला सात-आठ पातळ जुलाब म्हणजे मूत्रपिंडावर सरळ ताण. त्यात बीपीची गोळी आणि डायक्लोफेनॅक दोन्ही चालू असली तर धोका कितीतरी वाढतो. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभर थोडी थोडी. गोड रसाचे खोके म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेने जुलाब वाढतात. लघवी कमी, गडद, उठल्यावर चक्कर, पायात गोळे येत असतील तर त्याच दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम तपासा आणि बीपीच्या गोळीचं काय करायचं ते विचारा.

एक गोष्ट आई तुम्हाला सांगणार नाहीत, आणि बऱ्याच जणी मलाही तीन भेटींनंतर सांगतात. संडासपर्यंत पोचेपर्यंत कपड्यात होतं. या आजारात हे फार वेळा घडतं. त्यामुळे लग्नं, हळदीकुंकू, गाणगापूर-तुळजापूरची वारी, एसटीचा प्रवास, एकेक गोष्ट बंद होत जाते, आणि घरचे म्हणतात, ‘आई हल्ली कुठे येतच नाही.’ मुलगा म्हणून तुम्हाला विचारणं अवघड जाईल. बहिणीला किंवा बायकोला एकांतात विचारू द्या. उपाय आहेत. बाहेर जाण्याच्या तासभर आधी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात लोपेरामाइड हे जुलाब रोखणारं औषध घेता येतं. ताप असेल, रक्त पडत असेल तर मात्र अजिबात नाही, आणि मनाने डोस वाढवायचा नाही, जास्त झालं तर ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. मोठ्यांचे पॅड मेडिकलमध्ये सहज मिळतात. पिशवीत एक जादा साडी, परकर. कातडी सोलवटत असेल तर झिंकचं मलम. घरात संडास वरच्या मजल्यावर असेल तर आजार आटोक्यात येईपर्यंत आईंची झोपायची जागा तिच्या जवळ करा. ओटीपोटाचे आणि गुदद्वाराचे स्नायू आवळण्याचे व्यायामही शिकवता येतात, रोज नेमाने केले तर उपयोग होतो.

मलातून रक्त, ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, किंवा उपचार चालू असूनही वजन घसरत राहणं, यातलं काहीही झालं तर ते या आजाराच्या नावावर खपवू नका. ताबडतोब दाखवा, कारण अशा वेळी दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

तुमच्यासाठी या आठवड्याचा क्रम असा ठेवा: गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅसिडिटीची गोळी बंद करण्याबद्दल बोला, टीटीजी, टीएसएच, क्रिएटिनिन आणि साखर तपासा. जुलाब इतके असताना नुसतं गोळ्या थांबवून वाट पाहण्यात मला अर्थ वाटत नाही. एक्स-रे आणि हे रिपोर्ट ठीक असतील तर लिहून दिलेलं बुडेसोनाइड सुरू करा, आणि दोन आठवड्यांनी कालनिर्णयावरचे आकडे घेऊन पुन्हा दाखवा.